कोरीडोरास एकेक करून मरतात, बाकीचे मासे ठणठणीत: गडबड शोधायची कुठे?

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. टाकीत टेट्रा आहेत, गप्पी आहेत, सगळे मजेत. हौसेने सहा कोरी आणल्या, म्हणजे तळाशी राहणारे, मिशा असलेले छोटे कोरीडोरास मासे. पहिला आठवडा छान गेला. मग एका सकाळी एक उलटी पडलेली दिसली. पंधरा दिवसांनी दुसरी. पाणी तपासलं तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात होणारी दोन्ही विषं नाहीत. दुकानदार म्हणतो, कोरी नाजूकच असतात हो. आपण पुन्हा सहा आणतो आणि तीन महिन्यांत पुन्हा दोनच उरतात.

कोरी नाजूक नसतात. एका वर्षात अकरा कोरी घालवून हे शिकलोय, म्हणून जरा ठासून सांगतो. नीट ठेवल्या तर पाच-सात वर्षं आरामात जगतात, काही तर दहा ओलांडतात. महिन्याला एखादी मरत असेल तर तिला मारणारी गोष्ट अजून टाकीतच आहे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा ती तळाशी सापडते. टेट्रा मधल्या पाण्यात पोहतो, तळाशी काय साचलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कोरी मात्र तळावर बसते, तळातच तोंड खुपसते आणि तिथलंच पाणी कल्ल्यांतून ओढते. वरच्या मजल्यावर सगळं आलबेल आहे म्हणून तळमजलाही ठीक असेल असं समजू नका.

काहीही बदलण्याआधी एक काम करा. आतापर्यंतच्या मरणांची तारीखवार नोंद कागदावर काढा. एकदम तीन-चार गेल्या की एकेक? पाणी बदलल्यावर दोन दिवसांत गेल्या की मध्येच? आणून किती दिवस झाले होते? पोट खपाटीला गेलं होतं का? मिशा होत्या का? एवढ्या पाच प्रश्नांवर अर्धं निदान होतं. पाणी बदलल्यावर मरणाऱ्या कोरीचं कारण वेगळं, आणल्यापासून दोन आठवड्यांत मरणारीचं वेगळं, आणि चार महिने राहून झिजत मरणारीचं तिसरंच.

आधी मिशा बघा

सुरुवात झिजत मरणाऱ्यांपासून करतो, कारण सगळ्यात जास्त कोरी अशाच जातात.

खायला टाकल्यावर कोरी काचेजवळ आली की खालून तिच्या तोंडाकडे बघा. निरोगी कोरीच्या मिशा लांब, टोकाला निमुळत्या आणि सतत चाळवाचाळव करणाऱ्या असतात. बिघडलेल्या टाकीतल्या कोरीच्या मिशा आखूड आणि बोथट होतात, कधी टोकाला लालसर दिसतात. अगदी वाईट अवस्थेत तोंडाभोवती नुसते खुंट उरतात. खाणं शोधायचं साधनच गेल्यामुळे ती हळूहळू उपाशी पडते. मेल्यावर आपण म्हणतो, काही कारण नसताना गेली.

मिशा का झिजतात यावर दोन मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं टोकदार खडीमुळे, दुसरं म्हणतं तळाच्या घाणीतल्या जिवाणूंमुळे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. गुळगुळीत खडीवर मिशा गेलेल्या कोरी मी पाहिल्यात, आणि फारशी मऊ नसलेल्या पण स्वच्छ वाळूवर लांब मिशांच्या कोरीही पाहिल्यात. खडी जखम करत असेल, पण ती जखम चिघळवते घाण. शिवाय खडी आणि घाण या दोन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत, कारण खडीच्या फटींत खाणं पडतं आणि तिथेच कुजतं.

माझ्या दोन फुटी टाकीत निळी खडी होती. वरून बघितलं तर चकाचक. एकदा सायफनची नळी खडीत खोल घातली आणि पाणी पांढऱ्या बादलीत काढलं. पहिल्या पाच सेकंदांत बादलीचा तळ दिसेनासा झाला. गडद तपकिरी गाळ, त्यात गोळ्यांचे फुगलेले तुकडे, वर कुजका वास. त्या दिवशी सकाळीच टेस्ट किटने अमोनिया शून्य दाखवला होता. किट खोटं बोलत नव्हतं. फिल्टर आपलं काम करत होता, अमोनियाचं त्यामानाने सौम्य असं नायट्रेट होत होतं. पण किट जिवाणूंची गर्दी मोजत नाही, आणि माझ्या कोरी चोवीस तास त्या गर्दीवर पोट टेकून बसल्या होत्या. कोरीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, पोटाला ते नसतं.

तुम्हीही हाच प्रयोग करा. पांढरी बादली, नळी खडीत खोल. पाणी काळंतपकिरी आलं तर पुढचं वाचायच्या आधीच निम्मं उत्तर मिळालं.

यावर कायमचा उपाय म्हणजे वाळू. कोरीला वाळूची गरज नुसत्या मऊपणासाठी नसते. ती डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसते, तोंडभर वाळू घेते, खाण्याजोगं ठेवून घेते आणि उरलेली कल्ल्यांतून बाहेर सोडते. एकदा जवळून बघा, दोन्ही कल्ल्यांतून वाळूच्या बारीक धारा पडताना दिसतात. खडीवर तिला हे करताच येत नाही. वाळूचा कण अर्धा ते एक मिलिमीटरचा असावा आणि कडा बोथट. ओली वाळू मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून बघा, टोचली तर घेऊ नका. थोड्या कोरड्या वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे आणि ती पाण्याचा कडकपणा वाढवत राहील. थर दोन-तीन सेंटिमीटरचा पुरे. जाड थर खाली घट्ट बसतो आणि हवा न मिळाल्यामुळे सडतो.

बदल मात्र एका दिवसात करू नका. अमोनिया पचवणारे चांगले जिवाणू फिल्टरसारखेच खडीवरही असतात. अर्धी खडी आज काढा, उरलेली आठ-दहा दिवसांनी, आणि त्या काळात फिल्टरला हातही लावू नका. मी उत्साहाच्या भरात खडी आणि फिल्टरचा स्पंज एकाच रविवारी धुतला होता. पुढच्या आठवड्यात नायट्राइट चढलं ते चढलंच.

मिशा मुळापासून गेल्या नसतील तर परत येतात. स्वच्छ वाळूवर काही आठवड्यांत कोवळी टोकं दिसू लागतात.

'तळ साफ करणारा मासा' आणि उपासमार

कोरी विकताना तिला सफाई कामगार म्हणून विकतात आणि निम्मे घोटाळे तिथून सुरू होतात. कोरी विष्ठा खात नाही. शेवाळही खात नाही म्हटलं तरी चालेल. वरच्या माशांकडून निसटलेलं खाते खरी, पण चपळ टेट्रांच्या टाकीत निसटतं किती?

पोट बघा. कोरी काचेवर टेकली की तिचं पोट सपाट किंवा किंचित गोल दिसायला हवं. पुढच्या परांच्या मागे खळगा दिसत असेल तर ती उपाशी आहे. दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने बुडणाऱ्या गोळ्या टाका, एकाच जागी न टाकता दोन-तीन ठिकाणी. आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाणपिसवा) द्या. सकाळी उरलेली गोळी दिसली तर सायफनने काढा आणि त्या रात्री एक कमी टाका. गोळी सकाळपर्यंत तशीच राहते म्हणजे खाणं जास्त होतंय, आणि तेच कुजून पुन्हा मिशांवर येतं.

व्यवस्थित खाऊनही पोट आत जात असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल, तर आतड्यात जंत असण्याची शक्यता मोठी. यावर लेव्हामिसोल, फेनबेंडाझोलसारखी जंतनाशकं चालतात, पण औषध कोणतं आणि किती हे माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारून ठरवा. नुसतं खाणं वाढवून हे बरं होत नाही.

पाणी बदललं की मरतात

वाळू टाकल्यावर माझ्याकडे तीन महिने एकही मरण नव्हतं. मी निश्चिंत झालो, टेस्ट किट कपाटात गेलं, पाणी बदलायचा कंटाळाही सुरू झाला. मग एके दिवशी अपराधी वाटून एकदम साठ टक्के पाणी बदललं. सकाळी दोन कोरी मेलेल्या आणि तिसरी पृष्ठभागाशी धापा टाकत. ताजं पाणी दिलं आणि मासे मेले! डोकं चालेना.

झालं होतं ते असं. फिल्टरमधले जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात आणि पाण्यातला कार्बोनेट कडकपणा, म्हणजे केएच, हळूहळू खातात. पाणी बदललं नाही तर केएच संपतो आणि पीएच घसरतो. साडेसहाच्या खाली गेला की ते जिवाणू सुस्तावतात, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. मग अमोनिया साचू लागतो, पण कमी पीएचला तो अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो म्हणून कुणी मरत नाही. मग आपण पावणेआठ पीएचचं नवं पाणी भसकन ओततो. पंचवीस अंशांना पीएच 6 असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग साधारण 0.06 टक्के असतो, 7 ला 0.6 आणि 8 ला 5 टक्क्यांच्या वर. दर एका पीएचला जवळपास दहा पट! काही आठवडे बिनबोभाट साचलेलं विष आपणच एका तासात जागं करतो.

टाकी अशी 'जुनी' झाल्याची शंका असेल तर मोठा बदल अजिबात करू नका. आधी टाकीचा आणि नळाचा, दोन्हींचे पीएच आणि केएच मोजा. फरक मोठा असेल तर रोज दहा टक्केच पाणी बदला, दोन आठवडे. अमोनिया शून्यावर आला आणि दोन्ही पीएच जवळ आले की दर आठवड्याला पंचवीस-तीस टक्क्यांची नेहमीची शिस्त. नळाच्याच पाण्यात केएच कमी असेल तर फिल्टरमध्ये कोरल चुऱ्याची छोटी थैली ठेवा.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचंही सांगून टाकतो. पाणी रात्रभर ठेवून उडून जातो तो साधा क्लोरीन. तुमच्याकडे क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, वापरत असतील तर रात्रभर ठेवून काही होत नाही, आणि नुसतं थायोसल्फेट (क्लोरीन मारणारं नेहमीचं रसायन) टाकलं तर क्लोरीन जाऊन अमोनिया मागे राहतो. त्यासाठी अमोनियाही बांधून ठेवणारा कंडिशनर लागतो. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं, नसेल तर दुसरी घ्या.

उकाडा

वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. त्यात ड्रिफ्टवुडच्या, म्हणजे टाकीतल्या लाकडाच्या, मागे, झाडांच्या दाटीत, फिल्टरचा झोत पोचत नाही अशा कोपऱ्यांत आणखी कमी. आणि कोरीला नेमके तेच कोपरे आवडतात.

कोरीकडे यावर एक युक्ती असते. ती सुसाट वर जाते, हवेचा घोट घेते आणि तितक्याच वेगाने खाली येते. गिळलेल्या हवेतला प्राणवायू ती आतड्याच्या मागच्या भागातून शोषून घेते. त्यामुळे अधूनमधून वर जाणं अगदी नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. म्हणूनच झाकणाखाली तीन-चार सेंटिमीटर हवा सोडा आणि पाण्यावर तेलकट साय धरू देऊ नका. पण घड्याळ लावून दहा मिनिटं मोजा. प्रत्येक कोरी मिनिटा-दोन मिनिटाला वर जात असेल आणि खाली बसल्यावरही कल्ले भराभर हलत असतील तर प्राणवायू कमी पडतोय किंवा कल्ले बिघडलेत. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) वाढवा, फिल्टरचा झोत पृष्ठभागाकडे वळवा, झाकण काढून पाण्यावर आडवा पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कमी झालेलं पाणी रोज भरत राहा. बर्फ टाकून झटक्यात गार करू नका.

इथे जात बघावी लागते. सगळ्या कोरींना एकच तापमान लावणं ही फार जणांची चूक आहे. पेपर्ड कोरी म्हणजे पॅलिएटस, ही दक्षिण अमेरिकेच्या थंड भागातली, ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातली. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत हिचे नमुने गोळा केले होते आणि 1842 मध्ये लेनर्ड जेनिन्स या निसर्गअभ्यासकाने तिचं वर्णन केलं. तिला 18 ते 23 अंश मानवतं. पांडा कोरीलाही पंचविशीच्या वर नको वाटतं. उलट स्टर्बाई ही जात 24 ते 28 ला खुशीत असते, म्हणून उबदार पाण्यातल्या डिस्कस माशांबरोबर तीच ठेवतात. ब्रॉन्झ, म्हणजे एनिअस, यांत सगळ्यात सोशिक. तुमची टाकी बारा महिने 28 ला असेल तर पांडाचा हट्ट सोडा. पांडा दिसायला गोड, मान्य, पण मी पांडाच सर्वांत जास्त मारल्यात.

शोधाशोध करताना गोंधळ होऊ नये म्हणून एक सांगतो. 2024 मध्ये कोरीडोरास या वंशाची मोठी फेरमांडणी झाली. त्यात पॅलिएटस, पांडा आणि स्टर्बाई हॉप्लिसोमा या वंशात गेल्या आणि एनिअस ऑस्टिओगॅस्टरमध्ये. दुकानात अजून सगळ्या कोरीच आहेत.

आणल्यापासून दोन आठवड्यांत मरणाऱ्या

यांचा दोष बहुधा प्रवासाचा असतो. पिशवी बंद असताना माशांच्या श्वासाने पाण्याचा पीएच उतरतो आणि अमोनिया दबून राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि अमोनिया विषारी होतो, वर सांगितलं तसाच. म्हणून पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगवा, मग उघडून फार वेळ न दवडता मासे हलवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. घाबरलेली कोरी पंखांच्या काट्यांजवळून विषारी स्रावही सोडते. पिशवीत फेस दिसला तर त्या पाण्यातून तिला लगेच बाहेर काढा.

पकडायला जाळी नको, प्लास्टिकचा पेला घ्या. तिच्या बाजूच्या परांचा पहिला काटा ताठ उभा राहतो आणि जाळीत अडकतो. अडकलाच तर ओढू नका, जाळी कापा. जाळी नवी आणता येते. तो काटा मला एकदा अंगठ्यात लागला होता, तासभर ठणकत होतं.

नव्या कोरीच्या पोटावर लाल डाग दिसले तर प्रवासातल्या अमोनियाने आणि ताणाने त्वचा भाजली असण्याची शक्यता आहे. त्यात पुढे जिवाणू शिरतात. वेगळ्या टाकीत स्वच्छ पाणी, भरपूर हवा, मंद उजेड. डाग पसरले तरच औषध. तसंही नवीन मासे तीन-चार आठवडे वेगळेच ठेवावेत. मी कधी ठेवतो, कधी आळस करतो, आणि आळस केला तेव्हाच भोगलंय.

सहापेक्षा कमी आणू नका, आणि सहाही एकाच जातीच्या. दोन पांडा, दोन ब्रॉन्झ, दोन पेपर्ड असा मेळा भरवला तर दिसायला सहा असतात, पण प्रत्येक जोडी आपापल्या कोपऱ्यात लपून बसते आणि खायलाही बाहेर येत नाही.

औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी

कोरी सुस्त दिसली की सल्ला येतो, मीठ टाका. दुसरा सल्ला, तापमान तीसवर न्या. तिसरा, निळं औषध टाका. कधी कधी तिन्ही एकदम! तांबं आणि मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधं कोरीला जड जातात, लागलीच तर निम्म्या मात्रेने सुरुवात करून एअर स्टोन पूर्ण सोडतात. मिठाचं मी पहिल्या दिवशी नावच काढत नाही. आणि तापमान वाढवण्याचं तर विशेष जपून. इक या परजीवी रोगाचे पांढरे ठिपके असतील तर उष्णतेचा उपयोग होतो खरा, पण अंगावरचा पांढरा कापसासारखा पट्टा बुरशीऐवजी कॉलमनॅरिस या जिवाणूचा असेल तर तो उबेत दुप्पट वेगाने पसरतो. तोंडाच्या कडेला किंवा पाठीवर राखाडी-पांढरा डाग आणि दोन दिवसांत मरण, असं होत असेल तर हीटर उलट खाली आणा आणि जिवाणूवरच्या औषधाचं विचारा.

पहिल्या दिवशी मी एवढंच करतो. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच मोजतो, वहीत लिहितो. टाकी वर सांगितल्यासारखी 'जुनी' नसेल तर वीस टक्के पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदलतो. तळाचा एक चतुर्थांश भाग सायफनने काढतो. खाणं एक दिवस बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतो. निम्म्या वेळा एवढ्यावर कोरी हिंडूफिरू लागते.

आणि मेलीच आहे ना, हे नक्की करा. कोरी कधी कधी पानावर आडवी पडून राहते, कधी वाळूत तिरकी टेकून तासभर हलत नाही. डोळा खाली फिरवून डोळा मारल्यासारखं करते, त्यालाही लोक आजार समजतात. मी एकदा अशीच एक 'मेलेली' काढायला पेला पाण्यात घातला, तर ती तीरासारखी सुटली ती थेट फिल्टरच्या मागे.